आधी आजींना विचारा

"तू इंडियन आहेस ना? मग जरा इकडे ये," असं म्हणून डोनाने मला स्वतःचा अंगठा दाखवला. त्यावर दातांचे ठसे उमटले होते. "खिडकीजवळच्या आजींनी चावा घेतलाय. त्यांना काय हवंय तेच मला कळत नाहीये."

डोना ही हाडांच्या वॉर्डातली नर्स. सहसा कुणावर चिडायची नाही. मी त्या वॉर्डात पाणी वाटायचे. म्हणजे हॉस्पिटलात फुकट काम करणारी जी माणसं असतात, त्यांच्यातली मी एक. नवऱ्याच्या व्हिसावर ओहायोत आले होते आणि त्या व्हिसावर बायकांना नोकरी करायला मनाई होती. विट्याला मी दहावीच्या पोरांना गणित शिकवायचे. माझ्या क्लासात चुळबुळ करायची कुणाची टाप नव्हती. इथे येऊन वर्षभर मी सोफा झटकला, पडदे धुतले, पुन्हा सोफा झटकला. शेवटी धैर्यशीलच म्हणाला, "कांचन, बाहेर पड, नाहीतर तू एक दिवस मलाच झटकशील." म्हणून हॉस्पिटलात नाव घातलं. त्यांनी मला एक निळं जाकीट दिलं आणि दोन नियम सांगितले. औषधपाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आणि डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये दुभाषा व्हायचं नाही. त्यासाठी चाकांवरचा टीव्हीसारखा एक पडदा असायचा, त्याच्यावर कुठल्यातरी लांबच्या गावात बसलेला दुभाषा दिसायचा.

"पडदा आणला नाही का?" मी डोनाला विचारलं.

"आणला की. पडदा दिसला की त्या तोंडावर चादर ओढून घेतात. दोनदा झालं."

"पडद्यावर कोण होतं?"

"एक गृहस्थ होते. चांगले सभ्य होते."

मला हसू आलं. "डोना, त्या गृहस्थांना घाबरल्या नाहीत. परका पुरुष समोर आला म्हणून पदर घेतला असेल. बाई मिळते का बघा."

"तुमच्या भाषेतली बाई या आठवड्यात मिळत नाहीये. तू नुसतं पाणी देऊन ये. पाणी देताना बोलायला मनाई नाही."

खिडकीजवळच्या खाटेवर एक काटकुळी म्हातारी बसली होती. अंगात तो मागून उघडा झगा, आणि डोक्यावरून पदर घ्यावा तशी चादर घेतलेली. कपाळावर हिरवं गोंदण. असं गोंदण मी आमच्या गावाकडे शेकडो कपाळांवर पाहिलं होतं, पण इथे ते एकदम समोर आलं आणि मी जग हातात धरून पाहतच राहिले.

"आजी, पाणी देऊ का?"

चादर खाली आली. "कुनाची गं तू?"

"विट्याची. मोहित्यांची सून."

"विट्याची?" त्यांनी माझं मनगट असं धरलं की पाण्याचा जग हिंदकळला. "मग इतकं दिस कुठं व्हतीस? ह्या गोऱ्या बायांनी मला हितं अडकवून घातलंया. माझं लुगडं कुठं हाय? मला घरला जायाचंय."

"तुमचा खुबा मोडला होता आजी. ऑपरेशन झालंय. उठून चालायला लागलात की सोडतील घरी."

"उठू कशी? दारात म्हस सुटलीया. आदी तिला बांद." असं म्हणून त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दारात कुणीही नव्हतं. मग माझ्याकडे परक्यासारखं पाहत त्या म्हणाल्या, "तू कुनाची गं?"

त्यांचं नाव हौसाबाई जगताप. हे आणि त्यांच्या मुलाचं नाव मला डोनाकडून कळलं. उत्तम जगताप ओहायोतल्या आमच्याच गावात एका कारखान्यात इंजिनीयर होते. मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना लांबून पाहिलं होतं, कायम इस्त्रीच्या कुडत्यात. आता मात्र ते व्हेंडिंग मशीनसमोर नुसते उभे होते, नाणं हातात धरून.

"उत्तमदादा, मी विट्याची. तुमच्या आईंना आत्ता पाणी देऊन आले."

ते वळले. "ओळखलं का तिने तुम्हाला? म्हणजे, नीट बोलली का?"

"थोडं नीट बोलल्या. थोडं नाही."

"अशी नव्हती हो ती. गेल्या महिन्यात आली तेव्हा चांगली होती. माझ्या पोरांना भाकरी थापायला शिकवत होती. बाथरूममध्ये पाय घसरला, हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून हे सुरू. झोपत नाही, अंगावर येते, व्यायाम घ्यायला आलेल्या मुलीला लाथ मारली." त्यांनी नाणं खिशात टाकलं. "आज सर्जन म्हणाले, एवढ्यात उभी राहिली नाही तर मग राहणारच नाही. पाय आखडेल, फुप्फुसात पाणी होईल. त्यांना वाटतंय की हा विस्मरणाचा आजार आधीपासून असणार, आता उघडा पडला. एक नर्सिंग होम सुचवलंय, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवतात ते. तिथे झोपेचं औषध देऊन ठेवतात, म्हणजे त्रास होत नाही."

"कुणाला त्रास होत नाही?"

माझी जीभ अशीच आहे. त्यांनी नाणं पुन्हा बाहेर काढलं आणि मशीनकडे वळले.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा हौसाबाई जाग्या होत्या आणि डोळे स्वच्छ होते. पण हात थरथरत होते, कपाळावर घाम होता, आणि उजव्या हाताची तर्जनी तोंडात. ते बोट हिरडीवरून पुढे-मागे, पुढे-मागे फिरत होतं. डोना दारातून म्हणाली, "दिवसभर हेच चालतं. आम्ही बोट बाहेर काढायला जातो आणि मग चावा बसतो. अशा आजारात माणसं असं करतात."

मी ते बोट पाहत राहिले. हे काही वेड्यासारखं फिरत नव्हतं. वरची डावी बाजू, मग समोर, मग उजवी, मग खालची. माझी थोरली चुलती रोज सकाळी उंबऱ्यावर बसून हेच करायची आणि तासभर हलायची नाही. कुणी हाक मारली तर तोंड मिटून नुसतं हूं म्हणायची.

डोना गेल्यावर मी खुर्ची ओढून बसले. "आजी, मिसरी लावता काय?"

बोट थांबलं. हौसाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हळू बोल की गं."

मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना चोळायची. आमच्या भागातल्या कितीतरी बायका लावतात. त्याला व्यसन कुणी म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. तंबाखू पुरुष खातात, बायका दात घासतात.

"उत्तमनं आल्या आल्या माझी पुडी कचऱ्यात टाकली," हौसाबाई कुजबुजल्या. "म्हनला, आई, हितं ह्ये चालत न्हाई, माझी पोरं बगतील. मी म्हनलं बरं. पर दुसरी पुडी व्हती माझ्याकडं, लुगड्याच्या घडीत. सकाळी सून हापिसात गेली की न्हानीत जाऊन लावायची. त्या दिशी ती काय तरी इसरली म्हनून माघारी आली. मी घाईघाईनं चूळ भराय गेले, आन् पाय सटाकला."

"म्हणजे पडलात ते त्याच्यामुळे?"

"कुनाला सांगू नगंस. लेकाची मान खाली जाईल. त्येनं समद्यास्नी सांगितलंया, माझी आई असली न्हाई." त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी आन हाय तुला."

मी बरं म्हटलं. मला त्यात विशेष काही वाटलंही नाही. म्हातारीला आपली मिसरी हवीय, मिळत नाही म्हणून चिडचिड होतेय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आमची चुलतीही पुडी संपली की घर डोक्यावर घ्यायची. पण त्याचा आणि दारात म्हैस दिसण्याचा काही संबंध असेल हे मला कोण सांगणार? मी जग भरायला घेतला.

तेवढ्यात डॉक्टर ब्रेनन आल्या, आणि त्यांच्या मागे उत्तमदादा. डॉक्टर ब्रेनन या म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टर होत्या. स्वतःच साठीच्या, उंच, पांढरे केस कानामागे खोचलेले. वॉर्डातले बाकीचे डॉक्टर उभ्या उभ्या बोलून निघून जायचे. या खुर्ची शोधून बसायच्या. मी खुर्ची रिकामी केली आणि भिंतीशी सरकले.

"मिस्टर जगताप, तुम्ही आज नर्सिंग होमच्या कागदांवर सही करणार आहात असं कळलं," त्या म्हणाल्या. "त्याआधी मला पुन्हा काही विचारायचंय. रक्त तपासलं, लघवी तपासली, छाती तपासली, डोक्याचा फोटो काढला. आम्ही देतोय त्या औषधांवरही नजर टाकली. कशातच बोट ठेवावं असं काही नाही. पण एका महिन्यापूर्वी जी बाई नातवंडांना स्वयंपाक शिकवत होती ती एकाएकी अशी होते, तेव्हा मला कारण हवं असतं. त्या दारू पितात का?"

"नाही."

"झोपेच्या गोळ्या? कधीही, गावाकडे?"

"नाही."

"तंबाखू?"

"हे सगळं पहिल्या दिवशीच विचारून झालंय, डॉक्टर."

"हो. पुन्हा विचारतेय."

"अजिबात नाही," उत्तमदादा म्हणाले. "माझी आई त्यातली नाही."

सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. हौसाबाईंना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. पण मुलाने मान हलवली तशी त्यांनीही हलवली, नाही, नाही. डॉक्टर ब्रेनननी ते पाहिलं आणि कागदावर खूण केली.

माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी गणिताची बाई. पोरांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते की उदाहरणात दिलेली कुठलीही माहिती उगाच दिलेली नसते. आणि ही बाई तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारत होती. उगाच विचारत नव्हती. तिला काहीतरी सापडत नव्हतं, आणि ती ज्या जागी शोधत होती त्याच जागी ते होतं. एकीकडे म्हातारीची शपथ, दुसरीकडे अंगातल्या निळ्या जाकिटाचे दोन नियम, आणि टेबलावर सहीचे कागद.

मी जग खाली ठेवला. डॉक्टरांना काही सांगितलं नाही. हौसाबाईंच्या समोर जाऊन वाकले आणि मराठीत म्हणाले, "आजी, या डॉक्टरीणबाई तुमच्याबद्दल विचारतायत. दादांना विचारतायत, पण विचारायचंय तुम्हाला. दारू, झोपेच्या गोळ्या, तंबाखू, यातलं काही घेता का, असं."

"तुम्ही मध्ये बोलू नका," उत्तमदादा म्हणाले. "तुमचं काम पाणी द्यायचं आहे."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं, पण हलले नाही. "आजी, शपथ मोडणार नाही मी. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. पण या बाई उगाच विचारत नाहीयेत. आज तुम्हाला इथून दुसरीकडे नेणार आहेत. तिथे झोपवून ठेवतील. उठून चालायचं असेल तर आत्ता बोला."

डॉक्टर ब्रेनन माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी मला थांबवलं नाही. उत्तमदादांनाही त्यांनी हाताने थांबायची खूण केली. हौसाबाईंची नजर मुलाच्या चेहऱ्यावर होती. आईने असं पाहिलं की लेकराला लहानपणी काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

"उत्तम, वाईच भायेर जा."

"का?"

"जातूस का न्हाई?"

"नाही जात, आई. काय असेल ते माझ्यासमोर बोल."

"मग ऐक." त्या उशीवर सरळ झाल्या. "मिसरी लावते मी. लगीन झाल्यापासनं लावते. सकाळ, दुपार, सांजच्याला, आन् रातीला जाग आली तर तवाबी. तुज्या बापालाबी ठावं व्हतं. तू टाकलीस ती एक पुडी व्हती. दुसरी माझ्याकडंच हाय. तीच लावाय गेले आन् पडले. आता काय म्हनायचं त्ये म्हन."

उत्तमदादांनी भिंतीला हात टेकला. "आई, मी सगळ्यांना..." ते म्हणाले.

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मला दुभाषा व्हायला परवानगी नाही."

"मी देतेय. पडदा येईपर्यंत. त्या म्हणतील तेच सांग, आपल्या मनचं घालू नकोस."

मी सांगितलं. मिसरी म्हणजे काय तेही सांगितलं, भाजलेली तंबाखू, दातांना चोळतात, म्हणून त्याला तंबाखू म्हणत नाहीत. डॉक्टर ब्रेनननी टाचण ठेवून दिलं आणि खुर्ची माझ्याकडून वळवून हौसाबाईंकडे केली. मग प्रश्न सुरू झाले. तोंडात किती वेळ ठेवता? थुंकता की गिळता? सकाळी उठल्यावर लगेच लागते का? मध्यंतरी कधी सुटली होती का, बाळंतपणात, आजारपणात? तेव्हा काय झालं होतं?

"थोरल्याच्या बाळंतपनात आईनं तोडली व्हती," हौसाबाई म्हणाल्या. "चार दिस मला भिंती हालल्यावानी दिसायच्या. मग आईनंच आनून दिली."

हे भाषांतर करताना माझा आवाज बदलला असावा. डॉक्टर ब्रेनन मागे रेलल्या. "हं," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की त्यांचं उदाहरण सुटलं होतं.

मग त्या उत्तमदादांशी बोलल्या, सावकाश, आणि वाक्यावाक्याला थांबून मला हौसाबाईंना सांगायला लावत. इतकी वर्षं दर काही तासांनी शरीराला जे मिळत होतं ते पडल्या दिवसापासून एकदम बंद झालं. त्यातच हाड मोडलं, भूल दिली, अनोळखी जागा, अनोळखी भाषा. तरुण माणूससुद्धा अशाने सैरभैर होतं. "हे एकच कारण आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे कारण असं आहे की त्यावर आपल्याला काहीतरी करता येतं. आज सही करू नका. इथे रात्री देतोय ते झोपेचं औषधही मी बंद करते. निकोटिनची पट्टी लावू, आणि दोन-तीन दिवस वाट बघू."

"मिसरी देनार का मला?" हौसाबाईंनी विचारलं.

"नाही आजी. खांद्याला एक पट्टी चिकटवणार आहेत. त्यातून अंगात जाते."

हौसाबाईंनी डॉक्टरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दाताला लावायची ती खांद्याला लावून काय कळनार हाय? बरं, लावा."

त्या संध्याकाळी आम्हा स्वयंसेवकांच्या प्रमुख बाईंनी मला बोलावून समज दिली. पेशंटच्या नातेवाइकांनी नाही, एका डॉक्टरने तक्रार केली होती, सर्जनने. पुन्हा असं झालं तर जाकीट परत द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. पुन्हा असं करशील का, असंही विचारलं. मी थोडा विचार करून हो म्हटलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि मला पुढच्या खेपेपासून खालच्या मजल्यावर, खुर्च्या ढकलायच्या कामावर पाठवलं. घरी जाणाऱ्या पेशंटला चाकांच्या खुर्चीतून दारापर्यंत न्यायचं, एवढंच काम. तिथे कुणाशी बोलायला फारसा वेळच मिळत नाही.

मी बसने घरी गेले. वाटेत माझ्या डोक्यात हौसाबाई नव्हत्या. हे लिहायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. माझ्या डोक्यात ते प्रश्न होते. गिळता की थुंकता, हे का विचारलं असेल? सकाळी उठल्या उठल्या लागते का, याच्या उत्तराने काय फरक पडतो? बाळंतपणाचं कसं सुचलं? मला मिसरी ठाऊक होती. मला ती डॉक्टर ब्रेनन यांच्याहून जास्त ठाऊक होती, आणि तरी माझ्या हातात ती नुसती एक गंमत होती, गावाकडची आठवण. त्यांच्या हातात गेल्यावर तिचं उत्तर झालं. मला त्या खुर्चीत बसायचं होतं. मला इतका हेवा आजवर कुणाचा वाटला नव्हता, ना दागिन्यांचा, ना घरांचा.

जेवताना मी धैर्यशीलला म्हटलं, "मला डॉक्टर व्हायचंय."

"डॉक्टर म्हणजे, डॉक्टर डॉक्टर?"

"हो."

त्याने घास खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. "कांचन, तुला इंजेक्शन बघून घेरी येते."

"यायची. आता येत नाही."

"इथे आधी कॉलेज, मग प्रवेश परीक्षा, मग मेडिकल, मग पुढचं शिक्षण. आणि आपला व्हिसा हा असा. ग्रीन कार्ड येऊ दे. मग निवांत बघू."

मी मान डोलावली. कारण त्याच्या बोलण्यात खोट काढायला काही सापडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मी खालच्या मजल्यावर खुर्च्यांची रांग लावत होते तेव्हा डॉक्टर ब्रेनन मला शोधत आल्या. "वर चल. पाच मिनिटं. तुमच्या बाईंशी मी बोलते."

वर हौसाबाई उभ्या होत्या. दोन्ही हात वॉकरवर, झग्यावरून स्वतःचं लुगडं कसंबसं गुंडाळलेलं, आणि ज्या मुलीला लाथ बसली होती तीच मुलगी कमरेला धरून शेजारी. उत्तमदादा खिडकीपाशी. हौसाबाई एक पाऊल टाकायच्या, थांबून शिव्या घालायच्या आणि पुढचं टाकायच्या. खिडकीपर्यंत पोचल्यावर त्यांनी बाहेर पाहिलं. खाली नुसत्या गाड्या उभ्या होत्या, लांबपर्यंत.

"एवडंच का गं तुमचं अमेरिका?" त्यांनी मला विचारलं.

उत्तमदादा हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. डोनाने मला कोपराने ढोसलं. तिच्या अंगठ्यावर दातांचे नवे ठसे नव्हते.

बाहेर आल्यावर डॉक्टर ब्रेनन वळायच्या आत मी त्यांना विचारलं, "हे शिकायला किती वर्षं लागतील? मला, आत्तापासून."

त्यांनी माझं वय विचारलं, काय शिकले ते विचारलं, व्हिसा विचारला. कौतुक वगैरे केलं नाही. बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "सगळं सुरळीत झालं तर बारा. तुझ्या बाबतीत सगळं सुरळीत होणार नाही. मला विचारशील तर फार कठीण आहे, आणि मी तुला हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. रसायनशास्त्रापासून सुरुवात करावी लागेल. ते इथल्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात शिकवतात, आणि या व्हिसावर शिकायला मनाई नाही."

त्यांचा हिशेब चुकला. मला एक वर्ष जास्तच लागलं.

पण तेव्हा मी काहीच सुरू केलं नाही. ग्रीन कार्ड, मग बघू, हे वाक्य मी स्वतःलाच ऐकवत राहिले आणि खुर्च्या ढकलत राहिले. हौसाबाईंना घरी सोडायचा दिवस आला तेव्हा खालून नेमका माझाच नंबर लागला. मी खुर्ची घेऊन वर गेले.

"ह्याच्यात कशापायी बसायचं?" हौसाबाईंनी विचारलं. "मला चालाय येतंय की."

"इथला नियम आहे आजी. दारापर्यंत बसून जायचं, दारातून पुढे चालत."

"लई नियम हायती बया हितं." पण बसल्या. लुगडं नीट नेसलेलं होतं, कपाळावर कुंकू होतं, आणि खांद्यावरची पट्टी पोलक्याच्या गळ्यातून डोकावत होती. उत्तमदादा गाडी आणायला पुढे गेले. जाता जाता माझ्यापाशी थांबले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. "मंडळात कुणी विचारलं तर," ते म्हणाले, मग मान हलवली. "सांगा, काय खरं आहे ते. आई तशीही सगळ्यांना सांगणारच आहे."

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो.

"तू हितं काय पगार घेतीस?" हौसाबाईंनी विचारलं.

"काही नाही. फुकट."

"आन् खुर्च्या ढकलतीस?"

"हो. तुमच्यामुळे वरच्या मजल्यावरून खाली काढलं मला."

"माझ्यामुळं न्हाई. तुझ्या तोंडामुळं." त्या हसल्या. मिसरीने काळे झालेले दात सगळे दिसले. "मग आता काय करनार?"

मी त्यांना सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. त्या डॉक्टरीणबाईंसारखं व्हायचंय, असं म्हणाले. खूप वर्षं लागतील, आधी ग्रीन कार्ड यायला हवं, नवऱ्याचं म्हणणंही बरोबर आहे, रसायनशास्त्र मी केव्हाच सोडलं, आणि तोवर वय किती होईल, हेही सगळं सांगितलं. लिफ्ट उघडली तरी मी बोलतच होते. लांबलचक पॅसेज संपून दार आलं तरी माझी कारणं संपली नव्हती.

दारात उत्तमदादा गाडीचं दार उघडून उभे होते, आत मागच्या सीटवर त्यांची बायको बसली होती. मी खुर्चीला खिटी लावली आणि हात पुढे केला. हौसाबाईंनी तो घेतला नाही. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले, ओठ आवळले आणि उठल्या. तोल सावरला, वॉकर धरला. मग मागे वळून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"हुयाचंय म्हनतीस," त्या म्हणाल्या. "मग हितं का हुबी हायस? जा की."

आणि वॉकर टेकवत, एकेक पाऊल मोजून टाकत, त्या गाडीकडे निघाल्या. मुलगा पुढे आला तर त्यालाही हाताने बाजूला केलं. गाडीत बसल्यावर काचेतून त्यांनी हात हलवला नाही. त्या सुनेला काहीतरी सांगत होत्या.

मी खुर्ची परत रांगेत नेऊन लावली. वर जाऊन प्रमुख बाईंना सांगितलं की आज जरा लवकर जातेय. मग रस्ता ओलांडून नेहमीच्या बसथांब्यावर उभी राहिले. आमच्या घराकडची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हर माझी वाट पाहत थांबला. मी त्याला विचारलं, "कम्युनिटी कॉलेजला कुठली बस जाते?"

"समोरच्या थांब्यावरून," तो म्हणाला. "पण आज एक तास आहे तिला."

"चालत?"

"चालत लांब पडेल, बाई."

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं. त्याने हात केला त्या बाजूला मी चालायला लागले.